ओळखीचा शब्द आधी तपास

पोरी, सामानाच्या यादीत दोन वह्या वाढव. जाड पुठ्ठ्याच्या आणि वेगवेगळ्या रंगांच्या घे, म्हणजे पहाटे अर्धवट झोपेतही चुकीची हातात येणार नाही. एकीत ग्रंथ काय म्हणतो ते लिहायचं, दुसरीत त्या दिवशी तुझ्या शरीराने काय सांगितलं ते. ग्रंथाच्या वहीत ‘मला असं जाणवलं’ येऊ द्यायचं नाही आणि शरीराच्या वहीत ‘पोथीत असं लिहिलंय’ येऊ द्यायचं नाही. १९७८ साली मी लोणावळ्याला योगाची पदविका करायला गेले, तेव्हा आमच्या संस्कृतच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं. त्यांना ते त्यांच्या शास्त्रीबुवांनी सांगितलेलं. आता तू योगात एम.ए. करायला निघालीस, तर तुझ्या कानावर घालते.

सर आणखी एक सांगायचे आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली. अनोळखी शब्द आला की माणूस कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. योग शिकताना मराठी मुलांना हा धोका फार. जर्मनीहून आलेल्या विद्यार्थ्याला ‘अस्मिता’ माहीतच नसते, तो निमूटपणे कोश काढतो. आपल्याला वाटतं, माहीत आहे की, रोजच्या वर्तमानपत्रात असते. आपल्याकडे अस्मिता ही जपायची गोष्ट. पतंजलीकडे ती पाच क्लेशांपैकी एक आहे. ‘अभिनिवेश’ही त्याच पाचांत बसलाय. मराठीत अभिनिवेशाने बोलणारा म्हणजे आवेशाने बोलणारा. योगसूत्रांत अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, मरणाचं भय. ‘संयम’ म्हटलं की आपण जीभ आवरणं, हात आवरणं समजतो. तिथे धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर लागली की त्याला संयम म्हणतात. ‘विकल्प’ म्हणजे पर्यायही नाही आणि मनातला किंतूही नाही. मागे वस्तू नसताना नुसत्या शब्दाच्या आधाराने उभं राहिलेलं ज्ञान, तो विकल्प. आणि ‘प्रमाण’ म्हणजे साखर-मिठाचं प्रमाण नव्हे, तर खऱ्या ज्ञानाचं साधन, हे एकदा उत्तरपत्रिका तपासताना मला लिहून द्यावं लागलं होतं.

म्हणून ग्रंथाच्या वहीची शेवटची दहा पानं राखून ठेव. डावीकडे शब्द, मधे आपला रोजचा अर्थ, उजवीकडे त्या ग्रंथातला अर्थ. ग्रंथ बदलला की नवा रकाना आख, कारण पतंजलीचा अर्थ हठप्रदीपिका लिहिणाऱ्या स्वात्मारामाच्या तोंडी तसाच असेल असं नाही, दोघांमध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. पहिल्या सत्रात आसनांपेक्षा संस्कृतला जास्त वेळ दे. आसनं तुला शिकवणारे पुढे पुष्कळ भेटतील. संधी सोडवून दाखवणारं माणूस पुन्हा रोज समोर बसणार नाही.

या यादीतला सगळ्यांत अवघड शब्द ‘प्राणवायू’. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हणायला शिकलो. हठयोगाच्या ग्रंथांत प्राण हा शरीरातल्या वायूंपैकी एक. अपान, समान, उदान, व्यान ही त्याची भावंडं. ते ग्रंथ लिहिणाऱ्यांना ऑक्सिजन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मग ‘प्राणायामाने शरीरात प्राणवायू वाढतो’ हे वाक्य कुठून आलं? दोन वेगळ्या काळांतले अर्थ एका मराठी शब्दात येऊन बसले, म्हणून ते आपल्याला इतकं खरं वाटतं. परीक्षेत लिहिलंस तर कदाचित गुणही मिळतील. लिहू नकोस.

इथे तुला स्वामी कुवलयानंदांकडे पाठवते, फोटोला हार घालायला नव्हे, त्यांची कामाची रीत बघायला. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीर घडवलं, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले, अमळनेरला शिक्षणाचं काम केलं आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू केलं. बस्ती करताना पाणी आतड्यात वर कसं चढतं, हा त्यांचा एक प्रश्न होता. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करणाऱ्याच्या आतड्यातला दाब त्यांनी दाबमापक जोडून मोजला, तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली गेलेला दिसला. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरूवर एवढी निष्ठा असलेला माणूस, पण मोजायला कचरला नाही. आणि प्राणायामाचं मोल जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये शोधू नये, हेही त्यांनीच मोकळेपणाने मांडलं. स्वतःच्या लाडक्या विषयाला मिळणारी सोपी वाहवा त्यांनी नाकारली. ‘योगमीमांसे’चे जुने अंक ग्रंथालयात सापडले तर एक दुपार त्यांच्याबरोबर घालव. क्रमिक पुस्तकातल्या एका परिच्छेदापेक्षा त्या दुपारी जास्त कळेल.

काळाचं भान ठेव. ‘पाच हजार वर्षांपूर्वीपासून’ हे शब्द तुझ्या पेनातून निघाले तर खाली रेघ मार आणि विचार, कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात. योगसूत्रं १९५, काही पाठांत १९६. त्यांत आसनावर जेमतेम तीन. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आणि त्यांतली बहुतेक बसून करायची. घेरंडसंहितेत बत्तीस. वर्गात तुला शिकवतील त्यांतली कितीतरी उभ्याने करायची आसनं या यादीत नाहीत. हे कळल्यावर माझ्या एका मैत्रिणीला रडू आलं होतं, आपली फसवणूक झाली असं वाटून. तसं वाटून घेऊ नकोस. सूर्यनमस्कारांचंच बघ. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांतून रुजवले, त्यांवर पुस्तकं लिहिली, आणि आपल्या घरात माझ्या आजोबांपर्यंत ते त्याच वाटेने आले. हठप्रदीपिकेवर ब्रह्मानंदांची ‘ज्योत्स्ना’ ही एकोणिसाव्या शतकातली टीका आहे. साधकाने शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, असं सांगताना तिथे पुष्कळ सूर्यनमस्कार घालण्याचंच उदाहरण दिलंय! म्हणजे ज्याला आज आपण योगाचा चेहरा समजतो, ते त्या टीकाकाराला योगाबाहेरचं कष्टाचं काम वाटत होतं. तरी मी रोज बारा घालते आणि घालत राहीन. गोष्ट अलीकडची असली म्हणून हलकी होत नाही. फक्त तिचं वय तिच्या माथी बरोबर लिहायचं.

उतारा घेतलास की शेजारी आवृत्तीही लिहून ठेव. हठप्रदीपिका बहुतेक ठिकाणी चार उपदेशांची मिळते, लोणावळ्याच्या संपादित प्रतीत पाचवाही आहे. श्लोक क्रमांक जुळत नाही म्हणून आमच्या वर्गात दोघांचं भांडण झालं होतं, आणि दोघांचंही बरोबर होतं.

आता शरीराची वही. हिच्याबाबतीत मी स्वतः चुकलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी परीक्षेला बसले, तेव्हा प्रात्यक्षिकात शीर्षासन होतं. रोज मी तीन मिनिटं करायची. परीक्षक समोर, मागे वर्गातल्या मुली, आणि कुणीतरी म्हणालं, बघू किती वेळ राहता. मी आठ मिनिटं राहिले. शाबासकी मिळाली. रात्रीपासून मान धरली ती पाच महिने, डावा हात बधिर व्हायचा, वेणी घालता येईना. त्यांनी विचारायला नको होतं आणि मी ऐकायला नको होतं. म्हणून सांगते: परीक्षेत रोज करतेस तेवढंच करून दाखव. दुखणं असेल तर आधी सांग, गुण जाऊ देत. लवचीक मुलींना तर जास्तच जपावं लागतं. त्यांचं अंग सहज वाकतं, म्हणून सांध्याची तक्रार त्यांना उशिरा कळते. आपलं शरीर आपल्या ओळखीचं आहे असं वाटतं, तिथेच तो फसवा शब्द पुन्हा आला म्हणून समज. कालचं शरीर ओळखीचं होतं. आजचं सकाळी नव्याने विचारायचं: झोप कशी झाली, पोट साफ आहे का, पाळीचा कितवा दिवस, श्वास कुठे अडतोय. चार ओळी पुरतात, पण रोज लिही. महिन्याने मागे वळून वाचलंस की जे दिसेल ते कोणताच गुरू तुला सांगू शकणार नाही.

कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, पुस्तक वाचून करू नकोस. याला अपवाद नाही.

पाठ घ्यायची पाळी येईल, तेव्हा मुलांच्या हातापायांकडे नंतर बघ, आधी चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे. जबडा आवळला असेल तर आसन कितीही सुबक दिसो, ते थांबवायचं. सूचना एका वेळी एकच द्यायची आणि क्रियापदाने संपवायची: हात वर घ्या, टाच टेकवा. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, मग ती वर्गातली मैत्रीण का असेना. गुडघे बदललेल्या आजी येतील, त्यांना खुर्ची दे आणि तेच आसन खुर्चीवर शिकव. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, दोऱ्या, विटा आणि घोंगड्या घेऊन हे किती बारकाईने बसवलं, ते प्रत्यक्ष बघून ये. बघितल्याशिवाय त्यावर मत बनवू नकोस, कौतुकाचंही नाही.

लघुप्रबंधाबद्दल माझं मत कडक आहे. तीस जणांना आठ आठवडे आसनं शिकवून साखर किती उतरली ते मोजायचं, असे प्रबंध कपाटं भरून पडलेत. तुलनेला दुसरा गट नसतो, मधेच सोडून गेलेल्यांचा हिशोब नसतो, आणि त्या आठ आठवड्यांत त्या लोकांनी गोड कमी खाल्लं का, हे कुणी विचारलेलं नसतं. असंच काही करायचं असेल तर काय मोजणार आणि काय निघालं तर आपण चुकलो म्हणणार, हे सुरुवात करण्याआधी मार्गदर्शकांकडे लिहून दे. पण माझं ऐकशील तर लहान, हाताला लागणारं काही घे. भांडारकर संस्थेत हस्तलिखितं आहेत. एका ग्रंथाचा एक अध्याय दोन प्रतींत ताडून बघ. नाहीतर गावातल्या जुन्या व्यायामशाळेची दप्तरं उघड. मल्लखांब, जोर-बैठका, नमस्कार आणि आसनं एकाच आखाड्यात कशी शेजारी नांदली, हे त्या दप्तरांतून कळेल आणि ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे आधी जा. दप्तर थांबेल, माणसं थांबत नाहीत.

ध्यानाच्या तासाला जे येईल ते वर्गात सांगत बसू नकोस. रंग दिसले, अंग हलकं झालं, हे वहीत. एकाच जाणत्या माणसाला सांग, तेही विचारलं तर. मात्र झोप उडाली, धडधड वाढली, जुनं काही उसळून वर आलं आणि खाली बसेना, तर ‘साधनेतला टप्पा आहे’ म्हणून कुणी थांबवलं तरी थांबू नकोस. सरळ डॉक्टरांकडे जा आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

शेजारचं घरही बघून ये. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला बसायचं तर सुट्टीत बस. तिथे असताना पतंजलीचे शब्द बाहेर ठेव आणि परत आल्यावर तिथले शब्द सूत्रांवर लादू नकोस. ‘ध्यान’ हाच शब्द पालीत ‘झान’ झाला, चीनमध्ये ‘चान’, जपानात ‘झेन’. शब्द एकच चालत गेला, पण जिथे मुक्कामाला राहिला तिथलं पाणी प्यायला. लंडनच्या सोआस विद्यापीठात किंवा लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंटमध्ये योगावर एम.ए.चे अभ्यासक्रम निघाले. तिकडची मुलं आपल्या ग्रंथांवर नेटाने काम करतात. त्यांचं लिहिलेलं वाच. बाहेरच्यांना काय कळणार, हे वाक्य घराबाहेर बोलू नकोस आणि घरातही नको. जेम्स मॅलिन्सन आणि मार्क सिंगल्टन यांचं ‘रूट्स ऑफ योगा’ हे २०१७ चं पुस्तक घे. त्यात कितीतरी ग्रंथांतले उतारे विषयवार लावलेत, तुझ्या त्या रकान्यांना फार उपयोगी पडेल.

नोकरीचं आत्ताच डोक्यात नको, पण योग विषयात नेट परीक्षा २०१७ पासून होते, एवढं लक्षात असू दे. दुसऱ्या वर्षी अभ्यासाला लाग.

माझी हठप्रदीपिका तुझ्या पिशवीत ठेवली आहे. समासात पेन्सिलीने लिहिलंय, त्यातलं बरंच चुकीचं आहे. काही ठिकाणी मी स्वतःच नंतर दुरुस्त केलंय, काही ठिकाणी राहिलंय. तिसऱ्या उपदेशात जिथे प्रश्नचिन्ह दिसेल, तिथे मला अजून अर्थ लागलेला नाही. तुमच्या सरांना विचार आणि मला कळव. आजोबांची घोंगडीही घातली आहे. बसताना चौघडी करून घ्यायची, गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. पावसाळ्यात ती धुऊ नकोस, चार दिवस वाळत नाही.