विधी विद्यार्थ्यांची उमेदवारी : अर्ज आणि मुलाखत

वकिली ही केवळ ग्रंथवाचनाने साध्य होणारी विद्या नाही. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात बसून पक्षकाराचे म्हणणे ऐकणे, कागदपत्रे लावणे, मसुदे लिहिणे आणि न्यायालयातील कामकाज पाहणे यांतूनच ती अंगी बाणते. मराठीत या शिक्षणास ‘उमेदवारी’ हा जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. पूर्वी ही उमेदवारी पदवीनंतर सुरू होत असे. आज ती विद्यार्थिदशेतच करावी लागते. परंतु जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी शिकणारे अनेक विद्यार्थी, विशेषतः ज्यांच्या घरात पूर्वी कोणी वकील झालेला नाही असे विद्यार्थी, ‘आपली कोठे ओळख नाही’ या समजुतीने मोठ्या पेढ्यांकडे अर्जच करीत नाहीत. हा संकोच दूर करणे हे त्या विद्यार्थ्यांइतकेच त्यांच्या मार्गदर्शकांचेही काम आहे.

नियमांची चौकट

भारतीय बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार त्रैवार्षिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने किमान १२ आठवडे आणि पंचवार्षिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे आवश्यक आहे. कोणत्याही एका वर्षात ही उमेदवारी सलग चार आठवड्यांहून अधिक काळ करता येत नाही. संपूर्ण शिक्षणक्रमात एकदा तरी खटल्यांचे व अपिलांचे काम करणाऱ्या वकिलांकडे अनुभव घेणेही बंधनकारक आहे. वकिली पेढ्या, कंपन्या, स्वयंसेवी संस्था, न्यायपालिका, विधिमंडळे यांच्याबरोबरच स्थानिक स्वराज्य संस्थांचाही या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे, ही बाब पंचायत सदस्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

जागेची निवड

सर्वच विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून मुंबईतील मोठ्या पेढीचा ध्यास घेणे हिताचे नाही. तेथील निवास व प्रवासाचा खर्च मोठा असतो आणि अनेक ठिकाणी मानधन मिळत नाही. म्हणून क्रमाने पुढे जाणे श्रेयस्कर होय. पहिल्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा स्वयंसेवी संस्था, त्यानंतर जिल्हा न्यायालयातील वकील, पुढे उच्च न्यायालयातील वकील आणि शेवटच्या वर्षांत वकिली पेढी, असा क्रम ठेवल्यास प्रत्येक टप्प्यावरील अनुभव पुढील अर्जास आधार देतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे उच्च न्यायालयाचे कामकाज चालतेच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाल्याने सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनाही अपिलाचे काम जवळून पाहण्याची सोय झाली आहे.

अर्ज कसा असावा

मोठ्या पेढ्यांतील जागा काही महिने आधीच भरतात. त्यामुळे सुट्टी तोंडावर आल्यावर केलेला अर्ज बहुधा वाया जातो. अर्जापूर्वी पेढीच्या कामाचे स्वरूप जाणून घ्यावे. जमीन व बांधकाम व्यवहार, कंपनी व्यवहार, करविषयक बाबी, लवाद अथवा न्यायालयीन दावे यांपैकी तिचे मुख्य काम कोणते, हे समजल्याखेरीज अर्जात नेमकेपणा येत नाही. वकिलांना आपल्या व्यवसायाची जाहिरात करण्यास मनाई असली, तरी संकेतस्थळावर ठराविक माहिती देण्याची मुभा त्यांना २००८ पासून मिळाली आहे. त्या माहितीचा उपयोग करावा.

विनंतीपत्र एका पानाचे असावे. कोणत्या तारखांना काम करता येईल, याच पेढीकडे का यावयाचे आहे आणि आजवर काय केले आहे, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट याव्यात. ‘मला कायद्याची विशेष आवड आहे’ या वाक्याने वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. ‘महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात वारसनोंदीच्या सहा अर्जांचे मसुदे तयार केले’ या साध्या वाक्याने मात्र पुष्कळ कळते. हाती नसलेला अनुभव लिहू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो. एकच पत्र शंभर पेढ्यांना पाठविण्यापेक्षा दहा पेढ्यांना विचारपूर्वक लिहिलेली दहा पत्रे अधिक उपयोगी ठरतात. पेढीचे नाव किंवा व्यक्तीची पदवी चुकणे ही लहान चूक नाही, कारण दस्तऐवजातील एका नावाची चूकही व्यवहार अडवू शकते.

ग्रामीण विद्यार्थ्यांजवळ असलेले भांडवल त्यांचे त्यांनाच पुष्कळदा ठाऊक नसते. जमीन खरेदीच्या प्रकरणात सातबारा, फेरफार व आठ-अ हे उतारे वाचावे लागतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील मागील अनेक वर्षांचे दस्त तपासावे लागतात आणि इतर हक्कातील नोंद अथवा भोगवटादार वर्ग दोनची अट शोधावी लागते. हे कागद घरी हाताळलेला विद्यार्थी असे काम लवकर आत्मसात करतो. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्याने मराठी कागदपत्रांचे अचूक भाषांतरही नित्य लागते. हे गुण अर्जात संकोच न करता नमूद करावेत.

मुलाखतीची तयारी

मुलाखतीत प्रथम स्वतःविषयी विचारले जाते, त्यानंतर अर्जातील प्रत्येक ओळीविषयी आणि मग एखादा कायद्याचा प्रश्न येतो. ‘सातबारावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली काय ?’ असा प्रश्न आल्यास केवळ ‘नाही’ म्हणून थांबू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. मात्र नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही, ती खरेदीखत, वारसा यांसारख्या मूळ हक्कातून येते, असे कारणांसह सांगावे. उत्तर ठाऊक नसल्यास तसे प्रांजळपणे कबूल करून ते कोणत्या कायद्यात शोधावे लागेल हे सांगणे अधिक चांगले. दि. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले असल्याने जुन्या व नव्या कलमांचा मेळ घालण्याचा सरावही असावा.

इंग्रजी संभाषणाची भीती अनेकांच्या मनात असते. अलंकारिक भाषेची तेथे अपेक्षा नसते. लहान, स्पष्ट वाक्ये पुरेशी असतात. अर्जातील प्रत्येक मुद्द्यावर दोन मिनिटे बोलण्याचा सराव मित्रांसमोर आठवडाभर केल्यास पुष्कळ फरक पडतो. शेवटी विद्यार्थ्यानेही कामाचे स्वरूप व मार्गदर्शक वकील यांविषयी एखादा प्रश्न विचारावा.

गोपनीयता

निवड झाल्यावर पाळावयाचा पहिला नियम गोपनीयतेचा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार पक्षकाराने वकिलास सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण आहे आणि ते वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू होते. उमेदवारी करणाऱ्याने हेच बंधन स्वतःवर मानावे. कामाची रोजनिशी लिहिताना पक्षकारांची नावे टाळावीत.

मार्गदर्शकांचा वाटा

बार कौन्सिलच्या नियमांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या व विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास तयार असलेल्या वकिलांची जिल्हावार यादी करण्याची तरतूद आहे. महाविद्यालयांनी ती मिळवून सूचनाफलकावर लावावी. शिक्षकांनी अर्जांचे मसुदे तपासावेत आणि सराव मुलाखती घ्याव्यात. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांनी विद्यापीठाशी विचारविनिमय करून दरवर्षी काही विद्यार्थ्यांना आपल्या कार्यालयात काम पाहू द्यावे. त्यातून विद्यार्थ्याला कायदा प्रत्यक्ष राबताना दिसेल आणि ठरावांचे व नोटिशींचे मसुदे नीट लिहिण्यास कार्यालयालाही हातभार लागेल.

ओळखीच्या बळावर मिळालेली जागा एका विद्यार्थ्याची सोय करते; नेमका अर्ज लिहिण्याची व निर्भयपणे उत्तर देण्याची सवय मात्र शाळेच्या व पंचायतीच्या आधाराने साऱ्या गावातील मुलांना लावता येते. ज्या गावातून आजवर वकील झालेला नाही, तेथील पहिल्या मुलीचा किंवा मुलाचा अर्ज वेळेत आणि नीट लिहिला जाईल एवढी काळजी घेणे हे शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी या सर्वांच्याच आवाक्यातील कार्य आहे.