अण्णांची डावी बाजू

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या उजव्या भागात. त्यामुळे डावा हात-पाय लुळा पडला. फिजिओथेरपीने तो बराच सावरला, पण मागे राहिलं ते भलतंच. त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिस्ट असतात हे आमच्या घराला तेव्हा कळलं. त्यांच्याकडे जाता-येता जे उमगलं, ते जमेल तसं सांगते.

१. नजर चांगली असूनही माणसाला अर्धं जग नसल्यासारखं होतं. पानातली भाजी, आमटी, भात अण्णा चाटूनपुसून संपवायचे. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जिथल्या तिथे. वर आईलाच बोल, "हल्ली चटणी करायचं सोडलंस का?" आईने पान फिरवून ठेवलं की म्हणायचे, "हां, आत्ता वाढलीस!" दाढीसुद्धा एकाच गालाची. डोळ्यांच्या डॉक्टरांना काहीच दोष सापडेना, कारण बिघाड डोळ्यांत नव्हताच. मेंदू डावीकडची दखल घेत नव्हता.

२. आपलं काही बिघडलंय हे त्यांना पटत नव्हतं, आणि तो हट्ट नव्हता. मी शाळेत शिकवते, त्यामुळे 'नीट लक्ष द्या' हे वाक्य माझ्या जिभेवर कायमचं मुक्कामाला. पण ज्याचं लक्षच एका बाजूने गेलंय त्याला ते काय सांगणार? स्वतःचा आजार न उमजण्याच्या या अवस्थेला बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्ये 'अ‍ॅनोसोग्नोसिया' असं नाव दिलं. अर्थात अण्णा मुळातच कोणाचं ऐकणारे नव्हेत. त्यामुळे आजार कुठे संपतो आणि अण्णा कुठे सुरू होतात, हे आईलाही सांगता यायचं नाही.

३. नुसत्या आठवणीचीही डावी बाजू हरवू शकते. याने मी सगळ्यात जास्त चक्रावले. बिसियाक आणि लुत्साती या इटालियन संशोधकांनी १९७८ मध्ये मिलानच्या अशाच दोन रुग्णांना त्यांच्या ओळखीचा कॅथीड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितलं होतं. कॅथीड्रलकडे तोंड केल्याची कल्पना केली की उजवीकडच्या इमारती सांगता येत, डावीकडच्या गळत. मग कॅथीड्रलकडे पाठ करून उभे आहात असं समजा म्हटलं, तर मघाशी गळलेल्याच इमारती भराभर आठवल्या. आमच्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट बाईंनी अण्णांना गावची पेठ विचारली. मारुतीच्या देवळाकडे तोंड करून त्यांनी न्हाव्याचं दुकान, पिठाची गिरणी, पोस्ट सगळं सांगितलं. समोरच्या ओळीतलं आमच्या आजोबांचं दुकान मात्र गायब! देवळाकडे पाठ केल्यावर दुकान परत आलं, फळीवरच्या बरण्यांसकट. आठवण शाबूत होती, तिच्याकडे बघायची वाट तेवढी बुजली होती.

४. उपाय इतके साधे की फी देताना हात आखडतो. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ वाचायला घ्यायची. अक्षरांनी भरलेल्या कागदावर सगळे 'क' खोडायचे; अण्णा उजवीकडचे खोडून "झालं" म्हणत पेन खाली ठेवायचे. गोळ्या आणि घंटी उजवीकडे, म्हणजे अडीअडचणीला सापडाव्यात. गप्पांना येणाऱ्यांची खुर्ची मात्र डावीकडे, म्हणजे मान तिकडे वळावी. काही नातेवाइकांना तो अपमान वाटला. वाटो. हे सगळं रोज, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही.

५. सुधारणा झाली आणि अण्णा खचले. दाराच्या चौकटीवर खांदा आपटणं कमी झालं, तशी आपलं काय गेलंय याची त्यांना जाणीव होऊ लागली. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य गाठतं, असं बाईंनी सांगितलं. मग खोडायचे कागद बाजूला राहिले आणि बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं. आधी मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा.

६. बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर वयाचा हिशेब नसतो. एकीकडे अक्षरं उलटसुलट लिहिणारी दुसरीतली मुलगी, दुसरीकडे विसरभोळ्या झालेल्या आजी. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण तिथे यायचा. दिसायला धडधाकट, पण क्षणात भडकायचा आणि लगेच विसरायचा. "प्लॅस्टर असतं तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं," त्याची आई म्हणाली. यावर मला काही बोलता आलं नाही.

७. उपचार एकट्या रुग्णाचे नसतात. बाईंनी एकदा आईला एकटीला आत बोलावलं. "मला काय झालंय?" म्हणत ती गेली, ती तासाभराने बाहेर आली. आत काय बोलली कोण जाणे. डोळे लाल होते आणि पदर नीट खोचलेला. रिक्षात बसताना मला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ह्यांना तू आणलं नाहीस तरी चालेल. माझी वेळ मात्र घेऊन ठेव."