बागेचा ताण, माणसाचा ताण

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३६ आणि ३७



आजच्या श्लोकांचा भावार्थ सोपा आहे. जे सुख अभ्यासाने मिळतं, सुरुवातीला विषासारखं वाटतं पण परिणामी अमृतासारखं होतं, ते सात्त्विक सुख.

हा श्लोक मला पाठ आहे. इतका, की मी तो ऑफिसातही वापरला. रिलीज तोंडावर आलेलं असताना टीममधल्या एका नव्या मुलाने दोन दिवस सुट्टी मागितली. मी म्हटलं, "आत्ता कडू वाटेल, पुढे गोड लागेल." तीन आठवड्यांनी त्याने राजीनामा दिला. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबरात अकोल्याला घरी आलो होतो. आम्ही कपाशीच्या मुलखात वाढलेले, संत्र्याची बाग मी कधी नीट पाहिलीच नव्हती. म्हणून कॉलेजच्या मित्राच्या गावी, वरूडकडे गेलो. अमरावती सोडून मोर्शीचा रस्ता धरला की हळूहळू शेतांची जागा बागा घेतात. या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. भोसल्यांच्या काळात संत्रा औरंगाबादकडून नागपुरात आला असं सांगतात. २०१४ साली 'नागपुरी संत्रा' म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नाव नागपूरचं, पण वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हे अमरावतीचे तालुके त्याचं मोठं माहेरघर. गंमत म्हणजे या झाडाचं मूळ संत्र्याचं नसतंच. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिका त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

मित्राच्या बागेत गेलो तर झाडांची पानं मलूल, जमीन कोरडी. मी काकाजींना विचारलं, "मोटर बिघडली का?"

काकाजी हसले. "नाई रे बाबू, ताण देल्ला."

मग कळलं. संत्र्याला सारखं पाणी मिळत राहिलं तर ते नुसती पालवी काढत राहतं. फूल हवं असेल तर काही दिवस पाणी तोडावं लागतं. वाढ थांबते, झाड अन्न साठवतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ ऑक्टोबरनंतर. मृग बहाराला मे महिन्याचं ऊनच ताण देतं.

मी मनात म्हटलं, वा! हाच तर आपला श्लोक. आधी विष, मग अमृत. तेवढ्यात काकाजी एका फांदीची पानं हातात घेऊन बोलू लागले.

"झाडाले पानी तोडलं, झाडाले सोडलं नाई. रोज सकाळी येतो, पान पायतो. हलक्या जमिनीले कमी दिवस, काळ्या भारी जमिनीले जास्त. जे झाड फळानं थकलं, त्याले लय ताणाचं नाई. जास्त झालं तं फांद्या वायतात."

ताण सोडतानाही एकदम भरपूर पाणी देत नाहीत. आधी हलकं, आंबवणीचं. या भागात भूजलाचा उपसा इतका झालाय की पाणी फार खोल गेलंय. त्यावर काकाजी म्हणाले, "ज्याच्या हिरीत पानी हाये, त्यानं ताण द्यावा. हिरच आटली तं तो ताण नाई, दुष्काळ हाये."

परतताना गाडीत मी दोन्ही श्लोक पुन्हा वाचले. हे सुख स्वतःच्या बुद्धीच्या प्रसन्नतेतून येतं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे हे कडू ज्याने त्याने समजून-उमजून प्यायचं आहे. दुसऱ्याच्या तोंडात ओतायला हा श्लोक नाही. मी मात्र तेच केलं होतं. त्या मुलाला सुट्टी कशासाठी हवी होती, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. त्याचं पान मी पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला पुढे द्यायला माझ्या विहिरीतही पाणी नव्हतं.

कधी दुसऱ्याला कठीण काम द्यावंच लागतं. पालक, शिक्षक, टीम लीड, कुणालाच ते चुकत नाही. पण मग रोज बागेत जायची जबाबदारीही आपलीच.

घरी पोचल्यावर त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. "माझं चुकलं, तुला काय हवं होतं ते विचारायला पाहिजे होतं," एवढा मेसेज टाकला. अजून उत्तर नाही. ते यावंच, असा माझा हक्कही नाही.

आजचा अभ्यास: आपण ज्याला ताण दिला आहे असा एक माणूस आठवा. त्याला आज फक्त विचारा, कसा आहेस? आणि उत्तर पूर्ण ऐका.

देवा, मला माझं कडू पिण्याचं बळ दे, आणि दुसऱ्याचं पान पाहण्याची नजर दे.

जय हरी!