वार्निश काही झाकत नाही

मिरज

चि. बाळ यास,


काल ताईचा फोन आला होता. गुरुजींनी तू घडवत असलेलं व्हायोलिन खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरलं आणि एक शब्द न बोलता परत ठेवलं, असं ती म्हणाली. त्याचं मला काही वाटलं नाही, शिकताना असं होतंच. पण बोलता बोलता ती म्हणाली, "बाळ म्हणतोय, बोटांचे डाग वार्निशखाली झाकले जातील." हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

हे तू कुठून उचललंस ते मला ठाऊक आहे. आपल्याच दुकानातून. आपलं तुनाचं लाकूड मुळात तांबूस, त्यावर रंग, त्यावर चपड्याचं गडद पॉलिश. कच्च्या तबलीला कुणाचा हात लागला तरी तंबोरा दुकानाबाहेर पडताना दिसत नाही. तू शिकतोयस तिथं मात्र तुझ्यासमोर पांढरा स्प्रूस आणि मेपल आहे, आणि वार्निश पारदर्शक. ते भिंगासारखं आहे रे. लाकडाची रेघ जशी उजळ करतं, तसा तुझा अंगठाही.

स्प्रूसचा मऊ भाग घाम आणि तेल पिऊन टाकतो. कडांना, एफच्या भोकांच्या काठांना आणि डोक्याच्या वेटोळ्यावर लाकडाची आडवी तोंडं उघडी असतात, तिथं तर फारच. वरून पुसलंस तर मळ आणखी आत सरकतो. खरवडून काढशील, पण तबली जाडीला जेमतेम ३ मिलिमीटर. मापात आणलेली तबली डागापायी किती वेळा खरवडणार? आणि उन्हात टांगून लाकडावर पिवळसर छटा आल्यावर खरवडलंस, तर तिथंच फिकट चट्टा उठेल. म्हणून डाग काढायचाच तर उन्हाआधी काढ. खरं म्हणजे पडूच देऊ नकोस.

पटाशीला धार लावलीस की हात साबणानं धू, नखांतलं काळं काढ, मगच लाकडाला हात लाव. आबनुसाची पट्टी घासायची तर दुसऱ्या टेबलावर घास. तो काळा भुगा स्प्रूसवर पडला तर हातानं पुसू नकोस, मऊ ब्रशनं झटक. सरस ओघळला की लगेच गरम पाण्याच्या स्वच्छ ब्रशनं काढ. वाळलेला सरस लाकडाचं तोंड बंद करतो आणि वार्निश तिथं वेगळं दिसतं. टेबलावर रोज कोरा कागद अंथर. पेटी बंद होऊन मान बसली की व्हायोलिन मानेला धरूनच उचल. मान शेवटी साफ करून उघडीच ठेवतात, तिचा मळ निघतो. आणि डोक्याला तेल लावून कामाला बसू नकोस. ताईनं खोबरेल पाठवलंय, ते सुट्टीच्या दिवशी लाव.

आपल्या दुकानात आबा धार लावून उठले की दर वेळी हात धुवायचे. चपडा तर सगळं झाकणारच होता, तरी धुवायचे. आम्ही पोरं त्यांना हसायचो. का धुता, हे मी कधी विचारलं नाही. मी गल्ल्यावर बसलो, गिऱ्हाईक सांभाळलं, आणि त्यांच्या हातांतलं कितीतरी त्यांच्याबरोबरच गेलं. याची रुखरुख आता या वयात फार लागते. तू आहेस त्या गावातही तेच झालं. व्हायोलिन घडवणारा तिथला स्त्रादिवारी १७३७ साली गेला, पुढं ती विद्या जवळजवळ विझली, आणि १९३८ साली शाळा काढून पोरांचे हात पुन्हा घडवावे लागले. तुला तिथं पाठवलं ते यासाठी. वार्निश झाकेल म्हणणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत.

रागावलो, पण तुझ्या तळव्यांना घाम सुटतो हे मी विसरलेलो नाही. तुझ्या बाबांचेही तसेच होते. परीक्षेत त्यांची उत्तरपत्रिका ओली व्हायची. घाबरलास की जास्त सुटतो, आणि परक्या गावात, परक्या भाषेत, गुरुजी गप्प राहिले की घाबरायला होणारच. झाकलं जाईल, असं तू बहुतेक स्वतःला धीर द्यायला म्हणालास. हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतंय. त्यात लाजायचं काही नाही. सुती हातमोजे घाल आणि ते रोज धू. पावडर लावू नकोस, ती लाकडात भरते. घाम फार आला तर काम ठेव, जरा नदीकडे चालून ये.

या व्हायोलिनवर डाग राहिले तर राहू देत. ते घरी आण, मी सांभाळेन. पुढचं स्वच्छ होईल. जेवण वेळेवर घेत जा, थंडीत कानाला बांधत जा. इथं कितीही रात्र झाली असली तरी फोन कर. मला हल्ली झोप कमीच लागते, आणि तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं.

तुझा,
मामा