अंतर बुद्धीचे नव्हे

नवी मुंबईचा पुष्कळसा भाग ज्या ठाणे जिल्ह्यात मोडतो, तेथे २०११ च्या खानेसुमारीत सात वर्षे व त्यांवरील वयाच्या शंभर माणसांपैकी सुमारे ८५ साक्षर आढळली. नंदुरबार जिल्ह्यात मात्र सुमारे ६४. हे अंतर बुद्धीचे नव्हे, असे आम्ही समजतो. सातपुड्याच्या पाड्यांत शाळा उशिरा पोहोचली. पुस्तकाची भाषा घरच्या बोलीहून वेगळी. ऊसतोडीस कुटुंबेच्या कुटुंबे परमुलखी जातात.

मग प्रौढांस शिकता येत नाही काय? साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावोगावचे प्रौढ वाचू लागले. यास्तव शेजारी कोणी अंगठा उठवीत असल्यास त्यास हसू नये; संध्याकाळी जवळ बसवून प्रथम त्याचे स्वतःचे नाव लिहावयास शिकवावे.