हस्तिदंताचे घर

(संडे स्कूलच्या मोठ्या वर्गासाठी व घरगुती अभ्यासासाठी)

शास्त्रपाठ : 1 राजे 10:18-22, 22:39, आमोस 3:13-15, 6:1-6, प्रकटीकरण 18:11-13.

पाठाचा मुद्दा : शिकारी जंगलात असतो, पण त्याला तेथे पाठविणारा गिऱ्हाईक आपल्या घरातही असू शकतो.

प्रसंग

आमच्या उज्जैनला देवास गेटच्या बस स्टँडवर यात्रेकरूंची सदा गर्दी असते. मागे माझ्या वर्गातील एका मुलाने तेथे रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून गळ्यात घालायचे 'वाघनख' घेतले. "असली है" असे त्याला सांगण्यात आले होते. रविवारी तो ते सर्वांना दाखवू लागला. असली नखे बहुधा शिंगाची किंवा प्लॅस्टिकची असतात. तरी मी मुलांना म्हटले, "खोटे नख हौसेने घेणाराच खऱ्याची मागणी जिवंत ठेवतो." आपल्याच मध्य प्रदेशातील पन्नाच्या जंगलात 2009 साली एकही वाघ उरला नव्हता, आणि त्याचे मुख्य कारण चोरटी शिकार हेच होते, हेही सांगितले. पुढे कान्हा व बांधवगड येथून वाघ आणून सोडले, तेव्हा ते जंगल पुन्हा नांदते झाले.

मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाई, मग तुमच्या कपाटातली हस्तिदंताची डबी?"

माझ्या आजीची ती डबी सर्व मुलांनी पाहिली होती. मला उत्तर सुचेना. म्हणून हा पाठ मी प्रथम स्वतःसाठी तयार केला.

शास्त्र काय सांगते?

शलमोनाने हस्तिदंताचे मोठे सिंहासन केले व ते सोन्याने मढविले. त्याची जहाजे तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानर व मोर घेऊन येत. शास्त्र येथे त्याला दोष देत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. पुढे अहाब राजाने हस्तिदंताचे घर बांधले. शोमरोन येथे 1931 ते 1935 या काळात उत्खनन झाले, तेव्हा कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे सापडले. त्या काळी सिरियाच्या प्रदेशातही रानटी हत्ती होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात ते कायमचे नाहीसे झाले.

आमोस संदेष्टा मात्र हस्तिदंताच्या घरांचा नाश होईल असे बजावतो, व हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांना धिक्कारतो. तो हत्तींविषयी बोलत नाही, ज्यांच्या जिवावर ही चैन चालली त्या गरिबांविषयी बोलतो. परंतु दुसऱ्याच्या नाशाची पर्वा न करता सुखात निजणे, हे जे पाप तो दाखवितो, ते आपल्यालाही लागू आहे. प्रकटीकरणात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे. तीत हस्तिदंत आहे, आणि यादीच्या शेवटी माणसांचे जीव आहेत!

शरणपूरची आठवण

ही यादी केवळ प्राचीन नव्हे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून हस्तिदंत व गुलाम पुष्कळदा एकाच काफिल्यात समुद्राकडे नेले जात. झांझिबारहून बराच हस्तिदंत मुंबईच्या बाजारात येई व त्याच्या बांगड्या होऊन लग्नघरांत जात. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली काही मुलेही मुंबईस आणली गेली, आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनने त्यांना आश्रय दिला. तेथे शिकलेला जेकब वेनराइट याने 1873 साली आफ्रिकेत डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या दफनविधीच्या वेळी प्रार्थना वाचली.

त्या मुलांना आपल्या मंडळीने जवळ केले. त्याच व्यापारातला हस्तिदंत मात्र आपल्या घरांत कोठून आला, हे कोणी विचारले का?

त्यानंतर काय झाले?

हत्तीच्या सुळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. म्हणून चोरटे शिकारी सुळ्यासाठी हत्तीला ठारच मारतात. आफ्रिकेत 1979 साली सुमारे 13 लाख हत्ती होते. दहा वर्षांत ते सुमारे 6 लाखांवर आले. आपल्याकडे सुळे फक्त नरांना असतात. केरळातील पेरियार येथे 1980 च्या दशकाच्या अखेरीस शंभराहून अधिक माद्यांमागे एकच प्रौढ नर उरला होता.

भारतात 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1986 मध्ये भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर, व 1991 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आली. केनियाने 1989 साली जप्त केलेला 12 टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला. त्याच वर्षी राष्ट्रांनी आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरविले. कायदा विक्रेत्याला रोखतो. गिऱ्हाइकाचे मन बदलणे हे मात्र घराचे व मंडळीचे काम आहे.

शिक्षकांस सूचना

मुलांना दटावू नये. एदेन बाग मनुष्याच्या हाती कशासाठी दिली (उत्पत्ती 2:15), आणि चिमण्यांचाही देवाला विसर पडत नाही (लूक 12:6), हे वाचून घ्यावे. नख, कातडे, हस्तिदंत, 'औषधी' म्हणून विकले जाणारे प्राण्यांचे अवयव, यांपैकी काहीही घेऊ नये, भेट म्हणूनही स्वीकारू नये. कोठे विक्री दिसली तर मोठ्यांनी वनविभागास कळवावे. घरात जुनी वस्तू असल्यास ती विकू नये, वनविभागाच्या कचेरीत विचारावे.

विचारासाठी प्रश्न

1. शलमोनाच्या सिंहासनाविषयी शास्त्र गप्प राहते, पण आमोस बोलतो. यातून आपण काय शिकावे?
2. आपल्या घरातील कोणत्या वस्तूची किंमत दुसऱ्या कोणी मोजली आहे?

त्या मुलाला मी उत्तर दिले आहे. डबी वनविभागाच्या हवाली करण्याचे ठरविले आहे, आणि त्या दिवशी तोही माझ्याबरोबर येणार आहे. त्याने आपले नख आधीच काढून ठेवले आहे.