मोर्तब

छत्रपती शिवाजी महाराजांच्या अस्सल पत्रांवर सामान्यतः दोन मुद्रा आढळतात. पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा असते, आणि मजकूर जेथे संपतो तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहानशी मुद्रा असते. पहिलीवरून पत्र कोणाचे हे कळे. दुसरीवरून ते कोठे संपले हे कळे. ह्या शेवटच्या मुद्रेलाच मोर्तब म्हणत. मोर्तबाखाली कोणी एक ओळ जरी वाढविली, तरी ती लबाडी तत्काळ उघडी पडे. कागद लांब असून तुकडे चिकटवून केलेला असला, तर जोडावरही शिक्का उमटविण्याची रीत होती. मधलाच तुकडा काढून तेथे दुसरा बसविण्याची युक्ती त्या काळच्या लबाडांनाही ठाऊक होतीच!

मुलांनो, आज आपल्याकडे पत्रे थोडी आणि चित्रफिती फार येतात. भ्रमणध्वनीवर आलेल्या चित्रफितीला ना माथ्यावर मुद्रा असते, ना शेवटी मोर्तब. त्यामुळे काय अनर्थ होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

सन 2018 मध्ये मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा देशभर पसरली होती. तिच्यासोबत काही चित्रफितीही ह्या हातातून त्या हातात जात होत्या. त्यांपैकी एकीत दोघे मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून निघून जातात, असे दिसे. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. वास्तविक ती चित्रफीत पाकिस्तानातील कराची शहरात एका बालरक्षण संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मागे फिरतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि सूचनेचा फलक दाखवितात. तेवढाच शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

त्याच अफवेच्या दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी भिक्षेकरी म्हणून आलेल्या पाच जणांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून पोट भरणारी ही माणसे. त्यांचा अपराध एवढाच, की त्या गावात त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन भारतात घातले. पण गेलेले जीव परत आले नाहीत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कराचीची ती चित्रफीत बनावट नव्हती. तिच्यातील एकही चेहरा खोटा नव्हता. केवळ तिचा शेवट गेला होता. आता तर संपूर्ण खोटे चित्रही खऱ्यासारखे घडविता येते. त्यास डीपफेक म्हणतात. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर पैसे कमावण्याच्या एका खेळाची जाहिरात करीत असल्याची चित्रफीत पसरली. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा. परंतु ते शब्द त्यांनी कधी उच्चारलेच नव्हते. अखेर त्यांना स्वतःच ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले.

असे चित्र ओळखावे कसे? सन 2018 मध्ये संशोधकांना आढळले, की बनावट चेहरे डोळ्यांची उघडझाप फारच क्वचित करतात. ह्याचे कारण मोठे मौजेचे आहे. यंत्र माणसाच्या छायाचित्रांवरून चेहरा शिकते, आणि डोळे मिटलेले छायाचित्र कोण जपून ठेवतो? परंतु हा दोष जगजाहीर होताच बनावट चेहरेही पापण्या लववू लागले. नकली चित्र घडविण्याच्या एका पद्धतीत तर दोन यंत्रणा तालमीतल्या दोन पहिलवानांप्रमाणे एकमेकींशी झुंजतात. एक नक्कल करते, दुसरी ती पकडते; आणि पकडली गेली की पहिली अधिक सफाईने नक्कल करू लागते. तेव्हा चोर पकडण्याची विद्याच येथे चोराची गुरू ठरते. डोळे कितीही तीक्ष्ण केले तरी ही शर्यत सहजासहजी जिंकता यावयाची नाही, असे मला वाटते.

म्हणूनच काही शास्त्रज्ञ आणि उद्योगसंस्था पुन्हा मुद्रेकडे वळल्या आहेत. सन 2021 मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी इत्यादी संस्थांनी एकत्र येऊन त्यासाठी एक समान पद्धती ठरविण्याचे काम हाती घेतले. छायाचित्र निघताच कॅमेरा त्यातील सर्व ठिपक्यांवरून एक मोठी संख्या काढतो आणि तिच्यावर गुप्त किल्लीने आपली मुद्रा उमटवितो. पुढे कोणी एक ठिपका जरी बदलला, तरी संख्या जुळत नाही. चित्रफितीचा शेवट कापला, तरीही जुळत नाही. सन 2023 मध्ये लायका कंपनीने अशी मुद्रा उमटविणारा कॅमेरा विक्रीस आणला.

परंतु ह्या मुद्रेच्याही मर्यादा आहेत. चित्र कोठून आले आणि त्यात फेरफार झाला काय, एवढेच ती सांगते; त्यासोबत लिहिलेला मजकूर खरा आहे काय, हे ती सांगत नाही. अनेक माध्यमे चित्र पुढे धाडताना तिची नोंदच गाळून टाकतात. शिवाय मुद्रा नाही म्हणून चित्र खोटेच, असेही म्हणता येत नाही; कारण तुमच्या-आमच्या घरातील बहुतेक चित्रांवर ती अद्याप नाही.

आवाजाची नक्कल तर चित्राहूनही जवळचा घाव घालू शकते. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. कितीतरी मुले आजी-आजोबांपाशी राहतात, आणि आईबापांचा सहवास म्हणजे रात्री फोनवर येणारा आवाज एवढाच उरतो. अशा घरी “तुझ्या बापाला अपघात झाला, लगेच पैसे पाठव,” असा ओळखीचा आवाज आला, तर म्हातारी आजी काय करील? तिने फोन ठेवावा आणि आपल्यापाशी असलेल्या क्रमांकावर मुलाला स्वतः फोन लावावा. तो लागला नाही, तर त्याच्या मुकादमाला किंवा टोळीतील दुसऱ्या कोणाला विचारावे. पैसे गेलेच, तर 1930 ह्या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

ह्याहून सोपा उपायही आहे. कोयता घेऊन निघण्यापूर्वी घरच्या मंडळींनी एक खुणेचा शब्द ठरवावा: एखाद्या बैलाचे नाव, शेतातील एखाद्या झाडाचे नाव. तो कोठे लिहू नये, फोनवरून कोणास पाठवू नये. पैशाची गोष्ट निघाली की आजीने आधी तो शब्द विचारावा.